हात्सुदा-सानांच्या ग्लव्हमधली चौदा भोकं

ग्लव्ह उघडताना पहिली वादी करंगळीकडून सोडायची, अंगठ्याकडून नाही. अंगठ्याकडून सुरुवात केली तर बोटांमधली जाळी आधी सुटते, आकार जातो आणि पुन्हा कितीही नीट ओवलं तरी गिऱ्हाईक हात घालून म्हणतं, हा माझा नाही. बेसबॉलचे ग्लव्ह उघडायचे, साफ करायचे, नवी वादी ओवून बंद करायचे, हे काम मी सहा वर्षं केलं. सिंगापूरच्या मरीन परेड भागात, एका जुन्या शॉपिंग सेंटरमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचं दुकान होतं. एका बाजूला शिवणकामाच्या मशिन्स दुरुस्त करणारे काका, दुसऱ्या बाजूला कायम बंद असलेलं ट्रॅव्हल एजंटचं ऑफिस. यंदा दुकान बंद झालं. तिशी गाठायच्या आत आठवणी लिहायला बसणं हास्यास्पद आहे, पण इथल्या मराठी मंडळाच्या या अंकाच्या संपादकांनी "तुझ्या त्या वेगळ्या नोकरीवर लिही ना" असं म्हटलं. 'वेगळ्या' हा शब्द त्यांनी जपून निवडला होता, ते माझ्या लक्षात आलं.

मंडळातल्या एका काकूंनी इतकंही जपून विचारलं नव्हतं. "पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून हे? चामड्याचं? म्हणजे तुमच्याकडे पूर्वीपासून…?" आणि पुढचं वाक्य त्यांनी श्रीखंडाच्या वाटीत सोडून दिलं.

मी म्हटलं, "हो काकू, पूर्वीपासून. चामड्याचंच."

माझे आजोबा कऱ्हाडच्या एसटी स्टँडजवळ चपला-बूट करायचे. धर्मांतर केलेलं आमचं घर, त्यामुळे दुकानात दोनच गोष्टी भरपूर असायच्या: चामडं आणि पत्रकं. सभेची पत्रकं, निषेधाची पत्रकं, एका पानाचे जाहीरनामे. नवीन बूट तयार झाला की त्याचा आकार टिकावा म्हणून आत कागद कोंबायचा असतो. आजोबा रद्दी वापरायचे नाहीत, उरलेली पत्रकं वापरायचे. म्हणायचे, "जो दुकानात वाचत न्हाई, त्यो घरी जाऊन वाचंल." तालुक्यातल्या किती सावकारांनी आणि गुरुजींनी बुटातून काढून ती पत्रकं वाचली असतील कोण जाणे.

बाबा शिपयार्डमध्ये इंजिनिअर म्हणून सिंगापूरला आले तेव्हा सामानात भांडी कमी आणि पत्रकं जास्त होती. बेडोकच्या फ्लॅटमध्ये मराठी पुस्तक एकही नव्हतं. मी मराठी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. त्यामुळे माझं मराठी असं आहे. मला अजून साधं पत्र लिहिता येत नाही. हात आपोआप मुद्दा क्रमांक एक लिहितो.

सुट्टीत कऱ्हाडला गेले की आजोबांच्या शेजारी बसायचे. रापीने चामडं कसं सोलून पातळ करायचं, वादीला मेण कसं लावायचं, गाठ आत कशी लपवायची, हे त्यांनी दाखवलं. आणि एक वाक्य सांगितलं, जे मला पुढे फार उशिरा उमगलं: "कापडाला भोक पडलं तर रफू हुतं. कातड्यात आरी गेली की भोक बुजत न्हाई, पोरी. म्हणून आदी बघायचं, मग टोचायचं."

ज्यांना बेसबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. एक जण चेंडू फेकतो, समोरचा दांडूने मारतो आणि बाकीचे तो झेलायला मैदानभर उभे राहतात. प्रत्येकाच्या, चेंडू फेकायचा हात सोडून, दुसऱ्या हातात जाड चामड्याचा पंजा असतो. तो पंजा म्हणजे ग्लव्ह. दहा-बारा तुकडे, आत लोकरीचा थर, आणि सगळं एका लांब वादीने ओवून धरलेलं. खेळाडू दांडू विसरेल, ग्लव्ह विसरणार नाही. तो हातावर बसायला दोन वर्षं लागतात, आणि सिंगापूरच्या हवेत त्याला बुरशी लागायला दोन आठवडे.

त्यामुळे गिऱ्हाइकं म्हणजे अर्धी रडवेली माणसं. एका काँडोतल्या गृहस्थांनी व्हिडिओ बघून नवाकोरा ग्लव्ह मऊ करायला ओव्हनमध्ये ठेवला होता. त्यांनी तो आणला तेव्हा तो खाकऱ्यासारखा वाजत होता. बेडोकच्या एक निवृत्त पीटी टीचर शाळेपासूनचा ग्लव्ह घेऊन यायच्या आणि दरवेळी बजावायच्या, "वादी बदल, पण वास काढू नको हां. तो माझा वास आहे." आणि एकदा आपले एक मरीन इंजिनिअर काका बोटीवरून उतरून थेट दुकानात आले. सगळे ग्लव्ह निरखून पाहिले आणि पिशवीतून तुटक्या अंगठ्याची कोल्हापुरी काढली. "तुझं ते बेसबॉल-बिसबॉल राहू दे. ही शिवून देशील का? अख्ख्या सिंगापुरात कोणी हात लावेना." मी आजोबांची रापी त्या दिवशी पहिल्यांदा गिऱ्हाइकासाठी वापरली. काकांनी चप्पल पायात घातली, दोन पावलं चालले आणि म्हणाले, "कऱ्हाडची गाठ आहे ही." ते ऐकून मी सुखावले. तरी मी विचारलंच, की ही गाठ ज्यांनी बांधली त्यांना तुमच्या गावात कुठे राहू देत होते? काका चपलेकडे बघत म्हणाले, "तुझं बरोबर आहे. पण आज नुसती चप्पल घेऊन जाऊ दे."

सांगायचं मुख्य आहे ते हात्सुदा-सानांबद्दल. 'सान' म्हणजे जपानीतलं आपलं 'राव'.

हात्सुदा-सान जपानमध्ये व्यावसायिक बेसबॉल खेळलेले डावरे पिचर. पिचर म्हणजे चेंडू फेकणारा. फार मोठं नाव नव्हे, पण त्यांच्या शहरात लोक रस्त्यात थांबवायचे. शेवटच्या मोसमात विरुद्ध संघाने तक्रार केली की ते चेंडूला ओरखडे पाडतात. चेंडूची एक बाजू खरबरीत झाली की हवेत तो ऐन वेळी दिशा बदलतो. क्रिकेटवाल्या वाचकांना हे नव्याने सांगायला नको. अंपायरने चेंडू पाहिला, त्यावर ओरखडे होते. दुसऱ्या दिवशी ग्लव्ह पाहिला, त्यात काही नव्हतं. शिक्षा झाली नाही, पण संघाने पुढच्या वर्षी बोलावलंही नाही. ते सिंगापूरला आले आणि बेडोकच्या एका बेसबॉल क्लबच्या मैदानावर शनिवारी सकाळी मुलांना शिकवू लागले.

मी बारा वर्षांची असताना त्यांच्याकडे गेले. दुसऱ्याच शनिवारी माझ्या उसन्या ग्लव्हची वादी तुटली. मी बाकावर बसून बुटाच्या नाडीने ती आजोबांच्या पद्धतीने ओवली. हात्सुदा-सान मागे येऊन उभे राहिले.

"कोणी शिकवलं?"

मी शाळेत हे कोणाला सांगत नसे. तिथे का सांगितलं माहीत नाही. "आजोबांनी. ते बूट बनवतात."

त्यांनी ग्लव्ह हातात घेतला, गाठ शोधली, सापडली नाही तेव्हा हसले. "माझ्या गावात ग्लव्ह बनवणाऱ्याला सेन्सेई म्हणतात, गुरुजी," ते म्हणाले आणि मला, बारा वर्षांच्या मुलीला, कमरेतून किंचित वाकून नमस्कार केला. माझ्या घराण्याच्या कामापुढे कोणी वाकलेलं मी पहिल्यांदा पाहत होते.

माझ्या संघमित्रा या नावातलं 'मित्रा' त्यांना कधी जमलं नाही. मी मितोरा-सान झाले ती कायमची.

त्यांचं शिकवणं कडक होतं. महिन्यातून एकदा नियमांची लेखी परीक्षा घ्यायचे, आणि पेन्सिलने जपानी पद्धतीने तपासायचे. बरोबर उत्तराला गोल. चुकीला फुली. आणि अर्धं बरोबर असेल तर त्रिकोण. मुलं त्रिकोणावरून भांडायची, सिंगापुरी इंग्रजीत, शेवटी 'लाह' लावून. "कोच, धिस वन करेक्ट लाह!" ते म्हणायचे, "अर्धं." आणि एक वाक्य दर शनिवारी असायचंच: "दांडू तुझा, ग्लव्ह तुझा. चेंडू दोघांचा." म्हणजे तोच चेंडू आपण टाकतो आणि तोच समोरचाही टाकतो, त्याला काही करायचं नाही.

जुन्या प्रकरणाबद्दल पालक कुजबुजायचे. काही म्हणायचे, पुरावा नव्हता, माणसाचं आयुष्य उगाच नासवलं. काही म्हणायचे, आगीशिवाय धूर निघतो का? मोठ्या मुलांनी धीर करून विचारलं की हात्सुदा-सान एकच उत्तर द्यायचे: "अंपायरने ग्लव्ह पाहिला. काही सापडलं नाही." मी त्यांच्या बाजूने भांडायचे. एका मुलाशी तर मारामारी केली. निर्दोष माणसावर शिक्का मारणं म्हणजे काय, हे मला पत्रकांनी शिकवलं होतं.

पुढे मी दुकानात कामाला लागले तीही त्यांच्याच शब्दावर. मालकीण ऑन्टी लिन त्यांना ओळखायच्या.

मग क्लबने ठरवलं की लहान मुलांच्या वार्षिक स्पर्धेच्या करंडकाला हात्सुदा-सानांचं नाव द्यायचं आणि त्यांचा शेवटच्या मोसमातला ग्लव्ह क्लबहाऊसमध्ये काचेच्या पेटीत ठेवायचा. एका सोमवारी ते तो ग्लव्ह घेऊन दुकानात आले. उजव्या हाताचा, कारण डावरा माणूस तो उजव्यात घालतो. गडद तपकिरी, तळव्यापाशी काळा पडलेला.

"सगळा उघड," ते म्हणाले. "आतून, बाहेरून. वादी नवी."

"पॉलिश पुरे आहे, कोच."

"सगळा उघड."

बुधवारी मी तो उघडला. करंगळीकडून. तळव्याच्या खालच्या कडेला, मनगटाजवळ, अंगठ्याच्या नखाएवढं एक ठिगळ होतं. त्याच चामड्याचं, त्याच रंगाचं, इतकं सफाईने पातळ केलेलं की बोटालाही लागू नये. पण टाका हाताचा होता. कारखान्याचा टाका एका तालात पडतो, माणसाचा कुठेतरी श्वास घेतो. मी ठिगळ सोडवलं. खाली चौकोनात जुनी भोकं होती. चौदा. आणि भोकांच्या कडेला, चामड्यात रुतलेले, काचपेपरचे काळे कण.

तिथे काचपेपरचा तुकडा शिवायचा, चेंडू ग्लव्हमध्ये धरून उभं राहायचं, आणि मनगट जरा दाबायचं. कोणाला काय दिसणार? आणि तक्रार झाली तेव्हा काचपेपर उसवून वर ठिगळ लावलेलं असणार.

मला रडू आलं नाही. राग आला. ज्या माणसासाठी मी मारामारी केली, ज्याने 'चेंडू दोघांचा' असं सांगत मला वाढवलं, त्याचं नाव आता करंडकावर कोरणार. मी लॅपटॉप उघडला आणि जे मला येतं ते केलं. मुद्दा क्रमांक एक: ग्लव्हमध्ये हाताने पाडलेली चौदा भोकं आहेत. दोन: त्यात काचपेपरचे कण आहेत. तीन: म्हणजे श्री. हात्सुदा यांनी आपल्या शेवटच्या मोसमात चेंडू बिघडवला. चार: ही गोष्ट त्यांनी इतकी वर्षं मुलांपासून लपवली. पाच: पेटीत जाण्यापूर्वी पुरावा नाहीसा व्हावा म्हणून त्यांनी ग्लव्ह माझ्याकडे दुरुस्तीला दिला. सबब करंडकाला त्यांचं नाव देऊ नये. खाली सही. फोटो जोडले आणि क्लबच्या सगळ्या कमिटीला पाठवून दिलं. एका पानात बसलं. आजोबांना अभिमान वाटला असता, असं मला तेव्हा वाटलं.

गुरुवारी दुपारपर्यंत नाव रद्द झालं होतं. पालकांच्या ग्रुपवर ते पान फिरत होतं. मी ऑन्टी लिनना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"त्याला विचारलंस?"

"कशाला विचारायचं? चामडं समोर आहे."

"पेटीत ठेवायचा ग्लव्ह," त्या सावकाश म्हणाल्या. "कोणी घालणार नाही, कोणी खेळणार नाही. त्याला आतून उघडायला कोण सांगतं? तीस वर्षं दुकान चालवते मी. असं गिऱ्हाईक आलं नाही. लपवायचं असतं तर घरी ठेवला असता, नाहीतर फेकून दिला असता. तो तुझ्याकडे घेऊन आला. तुझे डोळे त्याला माहीत नाहीत? यू व्हेरी क्लेव्हर, मित्रा, बट टू फास्ट लाह."

हे मला कळायला हवं होतं. इतकी वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाला तरी कळायला हवं होतं.

शुक्रवारी सकाळी हात्सुदा-सान आले. हातात माझ्या पत्रकाची प्रिंट होती, चार घड्या घातलेली.

"हे तू लिहिलं?"

"हो."

"स्पष्ट आहे," ते म्हणाले. परीक्षेचा पेपर हातात घेतल्यावर म्हणायचे तसंच.

मी ग्लव्ह टेबलावर ठेवला, उघडा, जसा होता तसा. त्यांनी त्या चौकोनावर अंगठा ठेवला. तो बरोबर तिथे बसला. किती वर्षांनी, आणि तरी न शोधता.

"मला का नाही विचारलं?"

"तुम्ही खोटं बोलला असता."

त्यांनी विचार केला. खरंच विचार केला, मला खोडून काढायची घाई केली नाही. "कदाचित," ते म्हणाले.

"कोच, मग तुम्ही माझ्याकडे का आणलात?"

शेजारच्या दुकानात शिवणमशीन एकदा घरघरून थांबलं. मग त्यांनी ठिगळाचा तो छोटा तुकडा उचलला आणि खिशात टाकला. "वादी ओव. हे झाकू नको. उद्या ग्राउंडवर आण."

शनिवारी मुलं नेहमीपेक्षा कमी होती, पालक जास्त. हात्सुदा-सानांनी मुलांना गोलात बसवलं आणि ग्लव्ह त्यांच्या हातात दिला. तो हातोहात फिरला. प्रत्येकाने भोकांवर बोट फिरवलं. संघाच्या कॅचरने, म्हणजे पिचरसमोर बसून चेंडू झेलणाऱ्या पुंगोल भागातल्या दहा वर्षांच्या मुलीने, ती मोजली आणि मान वर केली.

"कोच, यू चीट आह?"

"येस."

"दॅट टाइम यू विन ऑर नॉट?"

"विन."

तिने ग्लव्ह शेजारच्या मुलाकडे सरकवला. "देन नॉट काउंटेड लाह."

"नॉट काउंटेड," हात्सुदा-सान म्हणाले.

"बट यू टेल अस, बॉल…" तिला पुढचे शब्द आठवेनात. मी मागून म्हणाले, "बॉल इज फॉर बोथ साइड्स."

"येस. आय टेल यू," ते म्हणाले. "बिकॉज आय नो." मग उठले, टाळी वाजवली. "मैदानाला दोन फेऱ्या." आणि मुलं, मुलंच ती, पळाली.

त्यानंतर क्लबने त्यांना शिकवू नका असं कळवलं. दोन-तीन कुटुंबं तरीही मुलांना त्यांच्याकडे पाठवायला तयार होती, पण ते नको म्हणाले. काही महिन्यांनी ते जपानला मुलीकडे राहायला गेले. जाताना भेटायला आले नाहीत. मीही गेले नाही.

मी हे लिहिते ते माफी मागायला नाही. करंडकाला ते नाव द्यायला नको होतं, हे मत आजही बदललेलं नाही. जिंकण्यासाठी चेंडूला काचपेपर लावणाऱ्याचं नाव मुलांनी डोक्यावर उचलून धरू नये. पण मी चौदा भोकांकडे बघितलं आणि माणसाकडे न बघता आरी घातली. तो माणूस दार अर्धं उघडून उभा होता. ते त्याला स्वतःच्या हाताने उघडता आलं असतं, की शेवटच्या क्षणी त्याने ते ओढून घेतलं असतं, हे बघायची संधी मी त्यालाही दिली नाही आणि मलाही. लहानपणीचे ते शनिवार मला आठवतात, ओल्या गवताचा वास, पेन्सिलीचे गोल, आणि एका बुटवाल्याच्या नातीपुढे वाकलेला तो उंच माणूस. त्यातलं काहीच खोटं नव्हतं. दोन्ही खरं आहे, आणि पत्रकाला दोन्ही एका पानात बसवता येत नाही.

दुकान आवरताना ऑन्टी लिननी काउंटरखालून एक पुठ्ठ्याची पेटी काढली. "तो निघायच्या आदल्या दिवशी देऊन गेला. म्हणाला, दुकान बंद होईल तेव्हा दे."

आत तो ग्लव्ह होता. माझीच वादी, माझीच गाठ, ते चौदा डोळे उघडे. आकार टिकावा म्हणून तळव्यात कागदाचा बोळा कोंबलेला, आजोबा बुटात कोंबायचे तसा. मी तो काढून टेबलावर सपाट केला. माझं पत्रक होतं. पेन्सिलने तपासलेलं.

पहिल्या मुद्द्यापुढे गोल. दुसऱ्यापुढे गोल. तिसऱ्यात 'शेवटच्या मोसमात' यावर रेघ मारून वर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'शेवटच्या दोन', आणि मग गोल. ही गोष्ट जगात कोणालाच माहीत नव्हती; मलाही नव्हती. चौथ्यापुढे गोल, जरा मोठा.

पाचव्यापुढे त्रिकोण.

"अर्धं," मी त्यांच्यासारखंच म्हटलं. मग कागदाचा पुन्हा बोळा केला आणि होता तिथेच, तळव्यात, परत ठेवला. काढून ठेवला तर ग्लव्हचा आकार जातो.